नळदुर्गची शाळा देऊन आलेले अप्पा

मन्मथअप्पा घोडके गेल्याची बातमी मला नळदुर्गहून येणाऱ्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरने दिली. धाराशिवच्या स्टँडवर मी नेहमीप्रमाणे सोलापूरला जाणाऱ्या गाडीत बातम्यांचं पाकीट द्यायला उभा होतो. कंडक्टरने तिकिटांची पेटी काखेत धरली आणि म्हणाला, “अप्पा गेले बघा काल. पेपरात घ्या.” नळदुर्गात घरोघरी एक अप्पा असतो. पण त्याने आडनाव सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाकीट परत उघडून मी तिथेच बाकावर बातमी लिहिली. ‘येथील तंत्रनिकेतनाचे माजी उपप्राचार्य व नळदुर्ग उद्योगशाळेचे अखेरचे मुख्याध्यापक...’ ‘अखेरचे’ या शब्दापाशी जरा थांबलो. शब्द बिनचूक होता, म्हणून ठेवला. त्या एका शब्दापायी त्यांच्या सगळ्यात जुन्या मित्राने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं आणि ते परत मिळवण्यात अप्पांची शेवटची वर्षं गेली. बातमीत ते बसलं नसतं. इथे लिहितो.

अप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते निजामी संपून फार दिवस झाले नव्हते तेव्हा. नळदुर्गच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दगडी भिंतींची, पत्र्याच्या छपराची त्यांची उद्योगशाळा होती. सुतारकाम, लोहारकाम आणि थोडंफार यंत्रकाम तिथे शिकवलं जाई. अप्पा घरी कानडी बोलत, हैदराबादेत उर्दूतून शिकले होते आणि आता मराठीतून शिकवत होते. सरकार बदलल्यावर शाळेची भाषा बदलली, पण शाळेच्या कारखान्यातल्या उस्तादांच्या तोंडची हत्यारांची जुनी नावं बदलली नाहीत. एका तपासनीसाने त्यावर शेरा मारला, तेव्हा अप्पा त्याला म्हणाले, “साहेब, सरकार बदललं ते आम्हाला कळलं. रंध्याला अजून कळायचंय.” मी ते वाक्य छापलं. पुढच्या भेटीत त्यांनी मला चहा पाजला आणि बजावलं, “आमचं बोलणं छापत जा, हरकत न्हाय. तपासनीसाचा चेहरा छापू नका.”

ही शाळा सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या जिवावर चालत होती, असं म्हटलं तर चूक नाही. बिघडलेला ट्रक शाळेच्या दारात आला की दुरुस्ती फुकट होई, पण एका अटीवर. ड्रायव्हरने बॉनेटला हात लावायच्या आधी मुलांसमोर उभं राहून गाडीला काय होतंय ते सांगायचं. कुठे आवाज येतो, चढावर येतो की उतारावर, वास कसला येतो. पंजाबी ड्रायव्हर, तेलुगू ड्रायव्हर... ज्याला जी भाषा येई त्यात तो सांगे, हातवारे करी, तोंडाने इंजिनाचे आवाज काढी. मुलं हसत. अप्पा हसू देत नसत. “दुखणं आधी ऐकायचं. पाना मागनं.” एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला होता की माझ्या बायकोनेही माझं इतकं ऐकलं नाही. अप्पांनी त्याला बसवून घेतलं आणि बायकोबद्दलचं गाऱ्हाणंही ऐकलं.

पण नळदुर्गच्या शाळेचा दाखला आता गावच्या बोरी नदीच्या पुलापलीकडे चालत नव्हता. सोलापूरच्या गिरण्या, नवे एसटी डेपो, वीज खातं... सगळे पदविका मागू लागले. पदविकेचा अभ्यासक्रम चालवण्याइतकी यंत्रं नळदुर्गात नव्हती आणि तेवढे शिक्षकही नव्हते. जिल्ह्यात अशीच दुसरी शाळा कळंबला होती. ती तिथल्या धान्याच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून उभी केली होती आणि दत्तोपंत पाठक तिचे मुख्याध्यापक होते. पंत तुळजापूरचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी आणि मास्तरकी, अंगावर कडक इस्त्री आणि बोलणं अगदी मवाळ. शिक्षण खात्याने दोघांनाही धाराशिवच्या डाक बंगल्यावर बोलावलं. खात्याचा अधिकारी म्हणाला, “जिल्ह्यात दोन अर्ध्या शाळा आहेत. जोडून एक पुरी करा, नाहीतर दोन्ही अर्ध्याच राहतील.” जोडलेली संस्था जिल्ह्याच्या गावी होणार आणि प्राचार्य एकच असणार, हेही त्याने सांगितलं.

त्या बैठकीची बातमी घ्यायला मी गेलो होतो. मधल्या सुट्टीत दोघे व्हरांड्यात उभे होते. मला त्यांनी दूर जा म्हटलं नाही.

“पंत, तुमचे शेठ लोक काय म्हणतात?” अप्पांनी विचारलं.

“खुर्ची आपली नसेल तर यंत्रं हलू देणार नाही म्हणतात.”

“अन् तुम्ही?”

“मी काय म्हणणार? खुर्ची नको म्हणालो तर मला कळंबात राहू देतील का?”

“मग घ्या की खुर्ची. मला वसतिगृह द्या. इमारत मागनं बांधा, वर्ग तंबूत भरवा, पण पोरांची झोपायची-जेवायची सोय आधी. नळदुर्गचं पोर रोज जाऊन येऊन शिकणार न्हाय, अन् तुमच्या कळंबचं बी न्हाय.”

पंत म्हणाले, “तुमच्या गावाला काय सांगाल?”

“शिव्या घालतील. शिवी चालती मला. गाव गप्प झालं तर मात्र अवघड हाय.”

आत गेल्यावर संस्थेचं नाव काय ठेवायचं यावर चर्चा झाली. वातावरण सैल करावं म्हणून अधिकारी म्हणाला, “आज तंत्रनिकेतन, उद्या कोण जाणे, विद्यापीठसुद्धा होईल.” अप्पा म्हणाले, “होऊ द्या की. विद्यापीठालाबी आधी संडास लागतातच. ते लिहून घ्या.” अधिकाऱ्याने खरंच लिहून घेतलं.

नळदुर्गचं दुखणं जुनं होतं. एके काळी जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गला होतं. ते धाराशिवला हललं, कचेऱ्या हलल्या, कारकून हलले. गावात किल्ला राहिला आणि रस्ता राहिला. त्यानंतर जन्मलेली माणसंही ही गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतात. शाळा देण्याचं ठरल्यावर महादेवाच्या देवळासमोर गावसभा झाली. सभेत सगळ्यात आधी रेवणसिद्धशेठ उठले. त्यांचं आडत दुकान बाजारपेठेत होतं. अप्पा आणि ते एका गल्लीत वाढलेले, बोरीच्या डोहात एकत्र पोहायला शिकलेले. सभेत मात्र त्यांनी अप्पांकडे पाहिलं नाही. ते लोकांकडे पाहून बोलले.

“जिल्हा नेला तवा आमचे आजे गप बसले. त्यांना कुणी इचारलंच न्हवतं. ही शाळा न्यायला कुणी आलं न्हाय. ही आपल्याच माणसानं उचलून दिली. अन् बदल्यात काय आणलं? खुर्ची? तीबी न्हाय. दुसऱ्याच्या हाताखालची नोकरी आणली!”

अप्पा म्हणाले, “रेवण्णा, शाळा इथंच ठिवली तर दहा वर्सांनी काय होईल? दगडं राहतील. किल्ल्यात हायेत तसलीच.”

“राहू दे की दगडं. आमची दगडं हायेत ती.”

“पोरांचं काय?”

“पोरांचं कारण सांगून गाव इकू नको, मन्मथ. आजपासनं तुझी माझी बोली बंद.”

सभेत आरडाओरडा झाला, कुणी कुणाला आवरलं. अप्पा मंडपाचा खांब धरून शेवटपर्यंत उभे राहिले. कोणी बोललं की त्याच्याकडे वळून ऐकत होते, दारात आलेल्या ड्रायव्हरचं ऐकावं तसे.

तंत्रनिकेतनाची इमारत उभी राहत असताना एक गोष्ट घडली. ती धाराशिवात पुष्कळ दिवस हसत हसत सांगितली जायची. दोन शाळा एक झाल्याची खूण म्हणून मुख्य दरवाजा दोन्हीकडच्या मुलांनी मिळून करायचा असं ठरलं. डावी झडप कळंबने करायची, उजवी नळदुर्गने. सागवान एकाच वखारीतून घेतलं, मापं दोघांनी समोरासमोर बसून ठरवली. कळंबची झडप बैलगाडीतून आली, नळदुर्गची एका ओळखीच्या ट्रकमधून. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दोन्ही बसवल्या. उंची जुळली, रुंदी जुळली, बिजागऱ्या बरोबर बसल्या. फक्त दरवाजा मिटल्यावर मध्ये बोट जाईल एवढी उभी फट राहिली. दोन झडपांच्या मधोमध जी झाकणारी पट्टी लागते, ती दोघांनीही केलेली नव्हती.

सुताराच्या लेखी या पट्टीला मान असतो. बाहेर उघडणाऱ्या दरवाज्यात ज्या झडपेवर पट्टी, ती आधी उघडते आणि शेवटी मिटते. पंतांनी आपल्या मुलांना सांगितलं होतं, पट्टी अप्पांच्या झडपेवर असू द्या, आपण पुढे पुढे केल्यासारखं दिसेल. अप्पांनीही आपल्या मुलांना तेच सांगितलं होतं. मापं ठरवताना हा विषय दोघांनीही काढला नव्हता. काढणं बरं दिसलं नसतं. हैदराबादी अदब म्हणतात ती अशी... दुसऱ्याला पुढे करता करता दाराला भोक ठेवणारी. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना फीत कापण्याआधीच फटीतून आतली बुंदीची ताटं दिसली. “जेवणाची तयारी जोरात दिसते,” ते म्हणाले, आणि पंतांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी स्वतः पट्टी रंधून आणली आणि कळंबच्या झडपेवर ठोकली. पंत धावत आले. “अहो, हे काय? तुमच्या झडपेवर ठोका!” अप्पांच्या तोंडात खिळे होते. ते काढून त्यांनी उत्तर दिलं, “प्राचार्य तुम्ही हाय. आधी तुमचंच दार उघडाय पाहिजे. सरका, वारा यायला लागलाय.” त्यांनी ते सहज केलं होतं. पण नळदुर्गात बातमी पोचली ती वेगळीच होऊन. शाळा दिली, खुर्ची दिली आणि शेवटी दाराची पट्टीसुद्धा देऊन आले.

त्यानंतरची अप्पांची धाराशिवातली वर्षं वसतिगृहात गेली. उपप्राचार्याची खोली त्यांना होती, पण ते तिथे क्वचित सापडत. कळंबच्या आणि नळदुर्गच्या मुलांची पहिली भांडणं जेवणावरून झाली. भाकरी जाड की पातळ, आमटीत गूळ का घातला, कानडी बोलणाऱ्यांनी वेगळी पंगत का धरली. अप्पांनी नियम केला की भांडण ज्या पदार्थावरून होईल तो दुसऱ्या दिवशी भांडणाऱ्यांनीच रांधायचा. आठवडाभर सगळ्यांनी वाईट खाल्लं. मग भांडणं थांबली. पंत संस्थेची पत्रं, परवानग्या आणि मंत्र्यांचे दौरे बघत आणि ते काम त्यांनी चोख केलं. त्या दोघांमध्ये खुर्चीवरून कधी शब्द झाल्याचं माझ्या कानावर आलं नाही, आणि माझं काम असल्या गोष्टी कानावर येण्याचंच होतं. नळदुर्गची मुलं वसतिगृहात राहून शिकली, डेपोत आणि गिरण्यांत लागली. गावाने मुलं पाठवली. माफी मात्र पाठवली नाही. यात्रेच्या पंचांत अप्पांचं नाव असे, ते पुढे नसायला लागलं. लग्नांच्या अक्षता येत, पण मानाचा नारळ येत नसे.

निवृत्त झाल्यावर अप्पा धाराशिवात राहतील असं आम्हाला वाटलं होतं. पंतांनी तर जवळच जागा पाहून ठेवली होती. अप्पा सामान घेऊन नळदुर्गला गेले. आणि गेल्याच्या पहिल्या संध्याकाळी रेवणसिद्धशेठच्या आडतीत जाऊन बाकावर बसले. शेठनी मान वर केली नाही. अप्पा दिवेलागणीपर्यंत बसले आणि उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी परत गेले. पुढे तो रोजचा परिपाठ झाला. इतर बसणाऱ्यांना चहा येई, अप्पांना येत नसे.

हे मी एकदा प्रत्यक्ष पाहिलं. हैदराबादला जाताना नळदुर्गला उतरलो, अप्पांच्या घरी गेलो तर ते आडतीत गेल्याचं कळलं. मीही जाऊन बसलो. शेठना अप्पांशी बोलायचं नव्हतं, पण गप्पही बसवत नव्हतं. तेव्हा ते तराजूवरच्या हमालाशी बोलत. हमालाचं नाव महादू.

“महादू, काही लोक लई उदार असत्यात. गावची शाळा देत्यात, दाराची पट्टीबी देत्यात. तुला काय पाहिजे असंल तर मागून घे.”

अप्पा म्हणाले, “महादू, तुझ्या मालकाला सांग, तराजू एका अंगाला झुकलाय.”

“महादू, सांग त्यांना, तराजू माझा हाय. कुठं झुकवायचा ते मी बघीन.”

महादू पोतं खाली ठेवून म्हणाला, “मालक, मी वजन करू का तुमचे निरोप पोचवू? दोन हात हायेत मला.”

बाकावरचे सगळे हसले. शेठच्या मिशाही हलल्या, असं मला वाटलं. पण त्यांनी तोंड फिरवलं आणि गिऱ्हाइकाला हाक मारली. परतताना मी अप्पांना विचारलं की रोज कशाला जाता, तिथे अपमानच होतो ना. ते काठी टेकत चालत होते. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, “बोली त्यानं बंद केली. मी कुठं केली? माझ्याकडनं चालूच हाय.” मग किती तरी वेळाने, दुसऱ्याच विषयात मध्येच थांबून त्यांनी विचारलं, “तुम्ही पेपरवाले. खरं सांगा. शाळा दिली ते चुकलं का?” मी म्हणालो की मुलं नोकरीला लागली, हे तर दिसतंच आहे. “ते दिसतंय मला,” अप्पा म्हणाले. “मी इचारतोय ते रेवण्णाला कवा दिसंल.”

या हिवाळ्यात त्यांना दम्याने गाठलं. बाकावर जाणं बंद झालं आणि पुढे फार दिवस गेले नाहीत. अंत्ययात्रेला मी पोचलो तेव्हा बाजारपेठ बंद होती. डेपोंतून, गॅरेजांतून माणसं आली होती. कित्येकांचे कपडे ग्रीसने माखलेले, तसेच ड्युटीवरून निघालेले. अंत्ययात्रा बाजारातून गेली. एकच दुकान उघडं होतं, रेवणसिद्धशेठचं. गिऱ्हाईक नव्हतं, महादू नव्हता. शेठ गादीवर एकटे बसले होते, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. कोणीतरी हाक मारली, “शेठ, येताय का?” ते उठले नाहीत. लोकांनी त्यावर बरंच वाईट बोलून घेतलं. अप्पांच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून, विभूती लावून, बेलाची पानं वाहून माती दिली. दत्तोपंत पाठक एसटीने आले होते. त्यांना आता नीट दिसत नाही. ते माझा दंड धरून उभे होते. परतताना म्हणाले, “लोक मला पहिला प्राचार्य म्हणतात. मी पहिला नव्हतो हो. पुढं केलेला होतो.”

या गोष्टीला काही आठवडे झाले. मागच्या पंधरवड्यात नळदुर्गला जाणं झालं तेव्हा अप्पांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी गंगाबाईंशी बोलत ओसरीवर बसलो होतो. ऊन कलल्यावर बाहेर काठी वाजली. रेवणसिद्धशेठ आले, दाराबाहेरच्या ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसले. आत पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. गंगाबाई उठल्या, चहा केला आणि कपबशी त्यांच्याजवळ नेऊन ठेवली. शेठनी ती उचलली, बशीत ओतून चहा प्याले, बशी कपाखाली सरळ लावून ठेवली. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने रामराम केला, त्याला मान हलवली. दिवेलागणीला उठले आणि गेले.

मी गंगाबाईंना विचारलं, “वहिनी, हे रोज येतात?”

“व्हय. माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं.”

“काही बोलतात?”

“न्हाय. अन् मीबी इचारत न्हाय.”

“तुम्हाला राग येत नाही? अप्पांना इतकी वर्षं त्यांनी...”

गंगाबाईंनी ओट्यावरची कपबशी उचलली. “राग कशाचा? ह्यांनी चार वर्सं त्यांच्या दुकानी जाऊन काढली. त्यांची तर आता कुठं सुरुवात हाय.” आणि त्या कप विसळायला आत गेल्या.